जोडीच्या तारा

बारा तारांच्या गिटारबद्दल वादकांमध्ये एक जुना विनोद आहे. ही गिटार बाळगणारा माणूस अर्धे आयुष्य तारा लावण्यात घालवतो आणि उरलेले अर्धे बेसूर वाजवण्यात. विनोद फार जुन्या घराण्यातला आहे. १७१३ साली माटेसन नावाच्या जर्मन संगीतकाराने ल्यूट वाजवणाऱ्यांची अशीच टर उडवली होती. ऐंशी वर्षे जगलेल्या ल्यूटवाल्याची साठ वर्षे तारा जुळवण्यात गेली असे खुशाल समजावे, असा त्याचा हिशेब होता. जोडीच्या तारा जिथे आल्या तिथे ही तक्रार आलीच. तरीही माणसे जोडीच्या तारांची वाद्ये बनवत राहिली आणि वाजवत राहिली. त्याअर्थी त्या त्रासाच्या बदल्यात काहीतरी मिळत असणार. ते आपल्याला मिळणार आहे का, एवढाच प्रश्न वादकाने स्वतःला विचारायचा असतो. आम्हाला तो वयाच्या एकसष्टाव्या वर्षी विचारावा लागला.

आम्ही पेशाने गणित-विज्ञानाचे शिक्षक. सांगली-मिरज भागातल्या एका माध्यमिक शाळेत हयात गेली. ऐंशीच्या दशकात लग्नसराईत आणि गणेशोत्सवात गावोगावच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून आधी शिक्षणाचा आणि पुढे घरखर्चाचा थोडा भार उचलला. मोहल्ल्यात त्यावर दोन मते होती. काही बुजुर्गांना वाद्य घरात असणेच पसंत नव्हते. काहींना पोराने फीचे पैसे स्वतः कमावले याचे कौतुक होते. अब्बा या वादात कधी पडले नाहीत. "फजरला उठतोस ना? मग रात्री कुठे होतास ते मी विचारत नाही," एवढेच ते म्हणत. तसेही मिरजेसारख्या गावात हा वाद फार ताणता येत नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ पासून तिथे ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत आणि उरुसात त्या आवारात गाणे होते. ज्याला ऐकायचे तो ऐकतो, ज्याला नको तो घरी जातो.

आमच्या ऑर्केस्ट्राचे मुख्य गिटारवादक आमच्याहून सहा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना भाईजान म्हणत. आम्ही मागे बसून कॉर्ड्स धरायचो, ते पुढे उभे राहून गाण्यातले तुकडे वाजवायचे. ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा त्यांनी इलेक्ट्रिक गिटार विकून टाकली आणि घरी वाजवण्यासाठी एक बारा तारांची लाकडी गिटार ठेवली. ती त्यांनी मुंबईच्या एका वादकाकडून जुनी घेतली होती. पुढची तीसेक वर्षे ते तिच्यावरच वाजवत आले. २०२१ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणे परत आले, उजवा हात शाबूत राहिला, पण डावा हात काही कामाचा उरला नाही. गिटारवाल्याचा डावा हात गेला म्हणजे सूर धरणाराच गेला.

२०२३ च्या मे महिन्यात त्यांचा मुलगा रिक्षातून ती गिटार आमच्या दारात घेऊन आला. सोबत निरोप होता: "मास्तर, तारा गंजायच्या आत तू हिला हातात घे. आवडली तर तुझी. पैशाचं नाव काढायचं नाही."

याच सुमारास घरात दुसरी एक तयारी चालू होती. आमची धाकटी लेक गझल गाते, मराठी आणि उर्दू दोन्ही. पुढच्या जानेवारीत तिची पहिली पूर्ण मैफल ठरली होती. साथीला तबला आणि आमची गिटार, एवढेच. पेटी तिला नको होती. पेटीच्या आवाजात आपला आवाज लपतो असे तिचे म्हणणे. म्हणजे सुरांची सगळी जबाबदारी आमच्या एका वाद्यावर. ते वाद्य सहा तारांचे असावे की बारा, हा प्रश्न आता हौसेचा राहिला नव्हता. लेकीची मैफल एका बाजूला आणि आजारी मित्राची इच्छा दुसऱ्या बाजूला. दोन्हींपैकी कुणालाही भिडेपोटी उत्तर देऊन चालणार नव्हते.

जोडीच्या तारांची ही कल्पना अमेरिकेहून आली असे पुष्कळांना वाटते. बारा तारांची गिटार आजच्या रूपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला तिकडे रुळली हे खरे. पण तारा जोडीने लावण्याची रीत आपल्या ओळखीच्या मुलखातली आहे. अरबी ऊद या वाद्याला तारांच्या जोड्या असतात. 'अल्-ऊद' म्हणजे लाकूड, आणि त्याच शब्दावरून युरोपातल्या ल्यूटला नाव मिळाले. अल्-किंदी, अल्-फाराबी यांनी संगीतावर ग्रंथ लिहिले ते ऊद समोर ठेवून. नवव्या शतकात बगदादहून कुर्तुब्याला गेलेल्या झिर्याबने ऊदला पाचवी तार दिली अशी परंपरेची साक्ष आहे. पुढे स्पेनमधली जुनी गिटारही चार किंवा पाच जोड्यांचीच असे. एकेरी सहा तारांची गिटार रूढ झाली ती अठराव्या शतकाच्या शेवटाला. तेव्हा घराण्याने पाहिले तर जोडीची गिटार थोरली आणि एकेरी धाकटी.

अमेरिकेत तिला नाव मिळवून दिले ते लेडबेली या कृष्णवर्णी गायकाने. १९३३ साली लुइझियानाच्या तुरुंगात शिक्षा भोगत असताना जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन यांनी त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याचा आवाज दणदणीत होता आणि साथीला दुसरे कोणी नसे. स्टेला कंपनीची बारा तारांची गिटार तो खूप खाली उतरवून लावायचा आणि तिच्यातून खर्ज, ठेका, सूर सगळेच काढायचा. जिथे एकच माणूस आहे आणि त्याला जागा भरायची आहे, तिथे हे वाद्य कामाला येते. ही गोष्ट आम्ही मनात नोंदवून ठेवली. आमच्याकडेही एकच वाद्य होते. फरक इतकाच की गाणारा गळा दुसऱ्याचा होता आणि दणदणीत नव्हता.

आता वाद्याकडे वळू. बारा तारांची गिटार म्हणजे बारा वेगळे सूर नव्हेत. सूर सहाच, प्रत्येक सुराला दोन तारा. खालच्या चार सुरांना एक जाड तार आणि तिच्या शेजारी एक सप्तक वर लावलेली बारीक तार. वरच्या दोन सुरांना सारख्याच सुरातल्या दोन तारा. यात एक गंमत आहे जी नवख्याच्या ध्यानात येत नाही. सगळ्यांत उंच सूर पहिल्या जोडीचा नसतो, तिसऱ्या जोडीतल्या बारीक तारेचा असतो. ती केसासारखी असते, तुटते तीच आणि हात कापते तीही तीच. बारा तारांची गिटार घेणाऱ्याने त्या एका तारेची चार-पाच सुटी नगे घरात ठेवावीत.

दुसरी गोष्ट ताणाची. साध्या सहा तारांचा एकूण ताण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या आसपास असतो. बारा तारा पूर्ण उंचीला लावल्या तर तो शंभर किलोच्या पुढे जातो. एवढे ओझे एका पातळ फळीवर चिकटवलेल्या घोडीने रात्रंदिवस सोसायचे. त्यातून आपल्याकडचा पावसाळा. दमट हवेत लाकूड फुगते, घोडीमागची फळी वर येते, दांडी वाकते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात आणि मग बोटांना दोष दिला जातो. म्हणून जुनी बारा तारांची गिटार बघताना आवाजाच्या आधी तिची तब्येत बघावी. घोडीमागे सरळ पट्टी आडवी धरावी, फळीला किती पोट आले आहे ते कळते. थोडे पोट असणे स्वाभाविक आहे. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकत असेल तर मात्र ती सुटायला लागली आहे. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून मधल्या पडद्यांशी किती फट राहते ते पाहावे, दांडीचा बाक समजतो. बाराव्या पडद्यावर तार दाबून निघालेला सूर आणि तिथेच बोट नुसते टेकवून निघालेला सूर जुळला पाहिजे. जोडीतल्या दोन्ही तारांचा स्वतंत्र जुळला पाहिजे.

आम्ही ही परीक्षा घरी केली आणि खात्रीसाठी गिटार मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका ओळखीच्या कारागिराकडे नेली. या गल्लीची कहाणी आपल्या वाचकांना नवी नाही. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याची कारागिरी हातात घेतली, फरीदसाहेब सतारमेकरांपासून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागिराने गिटार उलटीसुलटी करून पाहिली, घोडीवर बोटाने टकटक केले आणि म्हणाला, "मास्तर, गिटार आपला धंदा नव्हे. पण लाकूड खणखणीत आहे, चिकट सुटलेली नाही. फक्त हिला इतकं वर ताणू नका." मग त्याने सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या, जरा वेळ आस ऐकत राहिला आणि हसून म्हणाला, "हा तर पडदे लावलेला तंबोरा झाला."

ताणाबद्दल त्याने सांगितले तेच जाणकार वादकही करतात. सगळ्या तारा पूर्ण एका स्वराने, म्हणजे दोन पडद्यांइतक्या उतरवून लावायच्या. हिशेब केला तर ताण साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो. उंच सूर हवा असेल तेव्हा दांडीवर कॅपो चढवायचा. कॅपो मात्र बारा तारांसाठी बनवलेला, रुंद आणि जोरदार हवा. साधा कॅपो मधल्या जोड्या नीट दाबत नाही आणि त्या कुरकुर करतात. इतके केल्यावर आम्ही ठरवले की निकाल दुकानात द्यायचा नाही, घरात द्यायचा. महिनाभर रोज आपलीच वाजवण्यातली गाणी तिच्यावर वाजवायची.

दुकानाचा मुद्दा मुद्दाम सांगतो. दुकानात कुणीही बारा तारांवर एक मोकळी कॉर्ड छेडली की समोरचा विरघळतो. तो आवाज आहेच तसा. एकाच सुराच्या दोन तारा कधीच तंतोतंत सारख्या नसतात. एकीची कंपने सेकंदाला २९४ आणि दुसरीची २९५ असली तर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. विज्ञानाच्या तासाला आम्ही दोन नादकाट्यांवर हा प्रयोग मुलांना वर्षानुवर्षे दाखवला. बारा तारांत असे बारीक हेलकावे सगळीकडून उठतात आणि सहा माणसे एकदम वाजवत आहेत असे वाटते. या एका कॉर्डवर भाळून गिटार घेणारे खूप आणि वर्षभरात कपाटावर टाकणारेही तितकेच. ती कॉर्ड आपण किती वेळा वाजवणार आहोत, हे आधी मोजावे.

आम्ही मोजले. पहिल्या आठवड्यात डाव्या हाताने सगळे सांगून टाकले. या गिटारची दांडी वरच्या टोकाला साध्या गिटारहून पाचेक मिलिमीटर रुंद असते. पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण करंगळीला विचारावे. मोकळ्या तारांच्या कॉर्ड्स सुखाने लागतात. तर्जनी आडवी टाकून सहाही जोड्या दाबायच्या कॉर्ड्स दोन-चार मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ आणतात. वयाला साठी लागली की ही कळ रात्रीही सोबत राहते. तरुण हाताला सवयीने हे जमते. तिथे प्रश्न ताकदीचा कमी आणि रियाजाचा जास्त असतो.

उजव्या हाताची गोष्ट वेगळी. नखीने वरून खाली छेडले की वाद्य आपले गुण दाखवते. बोटांनी एकेक सूर वेचायचा तर तिथे अडचण येते. खालच्या चार जोड्यांत बारीक तार वरच्या बाजूला असते. अंगठा खाली येताना आधी बारीक तारेला भेटतो आणि बोटे वर जाताना आधी जाड तारेला. हात हलका असेल तर जोडीतली एकच तार वाजते आणि दुसरी राहून जाते. दोन्ही तारा एका घासात घ्यायला आघात जरा सपाट आणि ठाम लागतो. अमेरिकेत लिओ कॉट्के याने १९६९ च्या आपल्या गाजलेल्या तबकडीत बोटांनी बारा तारा अशा काही पळवल्या आहेत की थक्क व्हावे. म्हणजे होत नाही असे नाही. पण तो त्याचा हात आहे.

खरा पेच सुरावटीचा होता. आम्ही गझलेची साथ करतो ती दोन मिसऱ्यांच्या मध्ये छोटी सुरावट वाजवून. गळ्याने जी जागा घेतली तिची सावली गिटारने धरायची. सत्तरच्या दशकापासून भूपिंदर सिंग, जगजीत सिंग यांच्या गझलांमधून गिटार घराघरांत ऐकू आली, त्या कानांची ही सवय. यात तार ओढून मींड घ्यावी लागते. सहा तारांवर एक तार ओढायची असते. बारावर दोन ओढाव्या लागतात, आणि जाड-बारीक तारा सारख्या ओढीला सारख्या चढत नाहीत. मींड निघते ती दुभंगून. शिवाय तिसऱ्या जोडीवर सुरावट आली की बारीक तार एक सप्तक वरून बोलते आणि ऐकणाऱ्याला वाटते सुरावटीने मध्येच उडी मारली. गझलेची ओळ अशी उड्या मारत गेली तर शेराचा अर्थ निसटतो.

लेकीची तक्रार याहून बारीक निघाली. दुसऱ्या आठवड्यात ती रियाजाला बसली आणि अर्ध्यात थांबली. "अब्बा, इसमें मेरा गंधार हिलता," ती म्हणाली. तिचे खरे होते. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. त्यात पंचम जवळजवळ नैसर्गिक जागी बसतो, शुद्ध गंधार मात्र तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा स्पष्टपणे चढा असतो. सहा तारांवर तो चढेपणा एका तारेचा, कान त्याला माफ करतो. बारावर तोच चढा गंधार दोन तारांतून, वरच्या सप्तकासकट, हेलकावे घेत येतो. गाणाऱ्याला टेकायला भिंत हवी असते आणि भिंतच डुलते.

मग आम्ही गंधार काढून टाकून पाहिला. तिचा षड्ज काळी चार. आमच्या उतरवलेल्या तारांवर पहिल्या पडद्यावर कॅपो चढवला की पाचवी जोडी मोकळी छेडली तर बरोबर तो षड्ज, खर्जातला आणि वरचा एकदम. पहिली आणि सहावी जोडी पंचम. नुसते षड्ज-पंचम छेडत राहिलो तर खोलीच बदलून गेली. लेकीने डोळे मिटले आणि आलाप सुरू केला. स्वयंपाकघरातून पत्नीने डोकावून विचारले, "आज तंबोरा किसका लाए?" तंबोऱ्यातही मधल्या दोन तारा एकाच षड्जात लावतात आणि त्यांना जोडीच म्हणतात. जवारीची ती खास झणकार गिटारच्या घोडीतून येत नाही, पण जोडीचा भरीवपणा येतो.

महिनाअखेर आम्ही वही काढली. मैफलीच्या अकरा गझला एकाखाली एक लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे खूण केली. सात गझलांना सुरावटी आणि मींड हव्या होत्या, तिथे सहा तारा. चार संथ गझलांना मागे नुसती भरीव आस हवी होती, तिथे बारा. सातमधल्या तीन ठिकाणी आडव्या तर्जनीच्या कॉर्ड्स टाळता येण्यासारख्या नव्हत्या. एवढा हिशेब पुरे होता. बारा तारांची गिटार चांगली होती. आमच्या वाजवण्याला ती शोभत नव्हती. जो कॉर्ड्स छेडून स्वतः गातो, ज्याच्या मागे दुसरे वाद्य नाही, जो मोकळ्या तारांवर रमतो, त्याने ती जरूर घ्यावी. आम्ही त्यातले नाही.

हे भाईजानना सांगायचे होते. माणूस अंथरुणाला खिळलेला नाही, पण खुर्चीला खिळलेला आहे. त्याने आपली सर्वांत जवळची वस्तू आपल्याकडे पाठवली आहे, आणि ती परत करायची आहे. पत्नीचे मत होते की ठेवून घ्यावी, वाजवू नये आणि सांगूही नये. बऱ्याच घरांत असेच होते. पण ज्याने तीस वर्षे ती गिटार वाजवली त्याला, ती वाजते की भिंतीला टांगली आहे, हे दोन वाक्यांत कळले असते. आम्ही त्यांना वही दाखवायचे ठरवले. आणि वहीसोबत गिटारही नेली, कारण कारागिराचे ते वाक्य डोक्यातून जात नव्हते.

जाण्याआधी तारा नव्याने लावल्या. सहावी, चौथी आणि पहिली जोडी पंचमात, उरलेल्या तिन्ही जोड्या षड्जात. यासाठी चौथी आणि तिसरी जोडी एक स्वर चढवावी लागते आणि दुसरी एक स्वर उतरवावी लागते. कुठलीच तार तिच्या नेहमीच्या उंचीपलीकडे जात नाही. कॅपो पहिल्या पडद्यावर. आता या गिटारला डावा हात लागत नव्हता.

भाईजाननी वही चष्मा लावून पूर्ण वाचली. "सातव्या गझलेला बारा चालली असती," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नाही, तुझं बरोबर आहे. मींड आहे तिथं." आम्ही गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली, पट्टा खांद्यावर अडकवला आणि डावा हात उशीवर टेकवला. त्यांनी विचारले, "अरे मास्तर, धरू कशानं?" आम्ही म्हणालो, "धरू नका भाईजान. नुसतं छेडा."

त्यांनी अंगठा वरून खाली आणला. दोन वर्षांनी आणला. ठाम, सपाट, दोन्ही तारा एका घासात. आम्हाला महिनाभर जो आघात जमत नव्हता तो पहिल्या खेपेला लागला. बराच वेळ ते छेडत राहिले. मग थांबून जरा रागानेच म्हणाले, "आयुष्यभर पुढं उभा राहून वाजवलं. आता मागं बसून तंबोरा लावू?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर लेकीने दिले, तेही दुसऱ्या दिवशी. ती एकटीच त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "चाचा, मोबाईलमधला तंबोरा थकत नाही हे खरं. पण शेर संपला की थांबायचं त्याला कळत नाही. मला थांबणारं माणूस पाहिजे." ते त्यावर काय बोलले ते तिने आम्हाला सांगितले नाही. आठवड्यातून दोनदा ती रियाज त्यांच्याकडे करू लागली, एवढे आम्हाला दिसले.

जानेवारी २०२४ च्या मैफलीत भाईजान तिच्या डाव्या हाताला खुर्चीवर बसले होते. तारा आम्ही लावून दिल्या. त्याला पंचवीस मिनिटे लागली, आणि दिव्यांच्या उष्णतेने उतरल्या म्हणून मध्यंतरात पुन्हा दहा. माटेसनचा विनोद खोटा नाही. एक गझल पंचम वर्ज्य असलेल्या मालकंसाच्या अंगाची होती. तिथे ते हात तारांवर ठेवून गप्प बसून राहिले. इतर ठिकाणी त्यांनी कुठे छेडायचे, कुठे आस विरू द्यायची आणि शेराच्या शेवटच्या शब्दावर हात कसा उचलायचा, ते चाळीस वर्षे रंगमंचावर काढलेल्या माणसासारखे केले. समोरच्या दोन रांगांतल्या मंडळींना ते कळले, मागच्यांना फक्त गाणे चांगले झाले असे वाटले. साथीला याहून मोठी दाद नसते. भाईजानना ती पुरेशी वाटली का, हे आम्ही विचारले नाही. परतताना रिक्षात त्यांनी तिसऱ्या जोडीची बारीक तार बदलायला झाली आहे एवढेच सांगितले.

आता आमच्याकडे गिटार शिकायला येणारी मुले विचारतात, सर, बारा तारांची घेऊ का? आम्ही हो किंवा नाही सांगत नाही. तुझ्या पाच गाण्यांची यादी आण, असे सांगतो. त्यात सुरावटी किती, छेडण्या किती, आडव्या कॉर्ड्स किती, गाणारा कोण आणि त्याचा षड्ज कुठला, हे सगळे लिहून आण. रोज अर्धा तास तारा लावायची तयारी आहे का, तेही लिही. बहुतेक मुले यादी करता करताच आपले उत्तर शोधतात. काही जण यादी न करता गिटार घेऊन येतात. त्यांना आम्ही तारा एक स्वर उतरवायला शिकवतो आणि भाईजानकडे पाठवतो. तिथे त्यांना उजवा हात शिकायला मिळतो.